प्रमादाची जागा

दसऱ्याला नागपुरात सकाळपासून गाड्या धुतल्या जातात. बॉनेटवर झेंडूचा हार, काचेवर कुंकवाचे स्वस्तिक, पुढच्या चाकाखाली लिंबू, आणि भोवती जमलेल्या पोरांच्या हातात फोडलेल्या नारळाचे खोबरे. त्याच सकाळी दीक्षाभूमीकडे जाणारे रस्ते पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांनी भरलेले असतात आणि तिथे त्रिशरण-पंचशील म्हटले जात असते. १४ ऑक्टोबर १९५६ हा धम्मदीक्षेचा दिवस विजयादशमीचाच होता. एका शहरात, एकाच तिथीला चालणारे हे दोन विधी सहसा कोणी शेजारी ठेवून पाहत नाही. गाडीची पूजा अपघात बाहेरून येतो असे धरून चालते: नजर लागते, ग्रह आडवा येतो, म्हणून लिंबू. पंचशीलातले पाचवे शील मात्र अपघाताची जागा माणसाच्या आत दाखवते. म्हणून एक अगदी आजचा प्रश्न त्या शीलापुढे ठेवून पाहावासा वाटतो. एसी कमी-जास्त करण्यासाठी चालकाची नजर रस्त्यावरून पडद्याकडे गेली आणि तेवढ्यात कोणी चाकाखाली आले. मारण्याचा हेतू नव्हता, रागही नव्हता, दारूचा थेंब पोटात नव्हता. धर्माच्या भाषेत याला पाप म्हणायचे की नाही? आणि म्हणायचे असेल, तर ते नेमके कोणत्या क्षणी घडले?

पाचवे शील म्हणजे 'दारू पिणार नाही' एवढेच बहुतेकांना ठाऊक असते. बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञांतही दारूविषयीची प्रतिज्ञा स्वतंत्र आहे. पण पालीतले शब्द पाहिले तर मद्यांच्या नावांपाठोपाठ एक शब्द येतो: पमादट्ठान, म्हणजे प्रमादाचे स्थान. आधीची चार शीले कृत्यांची आहेत. हत्या, चोरी, व्यभिचार, असत्य. चारही कृत्यांत समोर कोणीतरी दुखावला जाणारा असतो. पाचव्यात तसे कोणी नाही. घोटभर मद्य पिणाऱ्याच्या घशाखाली उतरले म्हणून शेजाऱ्याचे लगेच काही जात नाही. ते वर्ज्य ठरले, कारण तिथून गाफीलपणा सुरू होतो आणि गाफीलपणात उरलेली चारही शीले मोडतात. म्हणजे हे शील कृत्याचे नसून कृत्याच्या आधीच्या परिस्थितीचे आहे. मराठीत 'प्रमाद' शब्दाची धार बोथट झाली. 'हातून प्रमाद घडला' म्हणजे चूक झाली, एवढाच अर्थ उरला. पालीतला प्रमाद ही चूक नव्हे. चूक होण्याआधी मन जे सैल पडते, ते म्हणजे प्रमाद. धम्मपदाचा दुसरा वर्ग सगळा अप्रमादावर आहे आणि बुद्धाच्या अखेरच्या उपदेशातही हाच शब्द आहे. व्याकरणाला धरून बोलायचे तर शीलातला निषेध मद्याचा आहे, एसीच्या बटणाचा नाही, हे कबूल केले पाहिजे. परंतु निषेधाचे कारण त्याच वाक्यात सांगून ठेवलेले असताना ते कारण आणखी कुठे लागू पडते हे पाहायचेच नाही, असा काही नियम नाही.

ते कारण गाडीत कसे लागू पडते, त्याचा हिशेब सोपा आहे. समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. या वेगाने गाडी सेकंदाला ३३ मीटर पुढे जाते. नजर दोन सेकंद खाली गेली तर ६६ मीटर रस्ता कोणी पाहिलेलाच नसतो. शहरात ताशी ५० धरला तरी दोन सेकंदांत २८ मीटर होतात, आणि वर्धा रोडवर किंवा सक्करदऱ्याच्या बाजूला २८ मीटरांत काय काय मावते हे नागपूरकरांना सांगायला नको. अमेरिकेच्या वाहतूक-सुरक्षा प्रशासनाने २०१३ साली गाडीतल्या उपकरणांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यात एका वेळची नजर दोन सेकंदांच्या आत आणि एका कामासाठी एकूण वेळ बारा सेकंदांच्या आत असावा, असे म्हटले आहे. आता दुसरी बाजू. स्वीडनमधल्या 'वी बीलेगारे' या मोटारविषयक नियतकालिकाने २०२२ मध्ये काही गाड्या ताशी ११० किलोमीटरने चालवून पाहिल्या आणि चालकांना तापमान वाढवणे, काचेवरचे धुके काढणे, रेडिओ लावणे अशी साधी कामे करायला लावली. चालकांना त्या त्या गाडीची ओळख करून घ्यायला आधी वेळ दिला होता. २००५ सालच्या, गोल खुंट्या आणि बटणे असलेल्या जुन्या वोल्वो गाडीत ही कामे दहा सेकंदांत उरकली. सगळे काही पडद्यात घातलेल्या नव्या गाड्यांपैकी सर्वांत मागे राहिलेल्या गाडीत जवळजवळ ४५ सेकंद लागले. तेवढ्यात गाडी सुमारे १,३७० मीटर पुढे गेली होती. खुंटी बोटांना सापडते, तिच्या खाचा मोजता येतात. डोळे रस्त्यावरच राहतात. काचेच्या गुळगुळीत पाटीवर बोटाला काहीच सापडत नाही. तिथे डोळ्यांनाच जावे लागते.

यावर बौद्ध परंपरेतूनच पहिला आणि सर्वांत भक्कम आक्षेप निघतो. बुद्धाने कर्म म्हणजे चेतना, म्हणजे हेतू, असे सांगितले. अट्ठकथांमध्ये, म्हणजे पाली टीकाग्रंथांमध्ये, प्राणिहत्येची पाच अंगे मोजली आहेत: प्राणी असणे, तो प्राणी आहे हे माहीत असणे, मारण्याचा विचार, त्यासाठी केलेला प्रयत्न, आणि मृत्यू. यातले एक जरी नसले तरी हत्येचे शील मोडत नाही. बटण शोधणाऱ्या चालकापाशी यातली मधली तीन अंगे नाहीतच. मग त्याला दोष कशाचा? कायद्यालाही हा पेच पडतो. म्हणूनच त्याने खुनाच्या बाजूला हयगयीचे वेगळे खाते उघडले. भारतीय दंड संहितेचे ३०४-अ कलम ते हेच, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये त्याची शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षांपर्यंत वाढली. पण या कलमाचा हिशेब परिणामावर चालतो. कोणी मेले तर गुन्हा. तीच नजर तितकाच वेळ खाली गेली आणि समोर कोणी नव्हते, तर बहुधा कोणाला पत्ताही लागत नाही. धर्माला असे करता येत नाही. दोन चालकांनी अगदी तेच केले. एकासमोर पोर आले, दुसऱ्यासमोर आले नाही. समोर पोर नव्हते म्हणून दुसरा निर्दोष, असे म्हणणारा धर्म शेवटी नशिबालाच पुण्य म्हणू लागतो.

या पेचातून वाट काढणारी एक कथा विनयपिटकात आहे, आणि ती जितकी ऐकू यायला हवी तितकी ऐकू येत नाही. एक भिक्खू एका घरी जाऊन आसनावर बसला. आसनावर फडके होते आणि फडक्याखाली मूल निजलेले होते. ते मूल मेले. भिक्खूला पश्चात्ताप झाला. आपण संघातून कायमचे बाद झालो, असे त्याला वाटले. निर्णय असा झाला की हत्येचा महादोष त्याला लागत नाही, कारण हेतू नव्हता. मात्र त्याच निमित्ताने नियम घालून दिला गेला: आसन पाहिल्याशिवाय बसू नये, आणि जो न पाहता बसेल त्याला दोष. या निर्णयातली बारीक गोष्ट ही की दोष मुलाच्या मृत्यूला चिकटवलेला नाही, न पाहण्याला चिकटवला आहे. फडक्याखाली मूल नसते तरी न पाहता बसणाऱ्याला तो दोष लागतोच. म्हणजे हेतूचा सिद्धान्त शाबूत राहिला आणि हयगयही सुटली नाही. हेतू फक्त एक पाऊल मागे शोधायचा. मूल मारण्याचा हेतू नव्हता, पण न पाहता बसण्याची निवड होती.

जैन परंपरा याहून पुढे जाते. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात सातव्या अध्यायात हिंसेची जी व्याख्या आहे, तिच्यात प्रमाद हाच गाभा आहे: गाफील मन-वाणी-देहाच्या व्यापारातून जीव जाणे ती हिंसा. कुंदकुंदाचार्य तर म्हणतात की जीव मरो वा जगो, अयत्नाने वागणाऱ्याच्या हातून हिंसा झालीच. आणि जो यत्नपूर्वक चालतो त्याला केवळ जीव गेल्याने बंध लागत नाही. आपल्या विदर्भात कारंजा लाड हे दिगंबर जैनांच्या विद्येचे जुने ठाणे आहे, तेव्हा हा विचार इथे परका नाही. पाय टाकण्याआधी पुढची चार हात जमीन पाहून चालण्याला या परंपरेत ईर्यासमिती म्हणतात. चार हात पायी चालणाऱ्यासाठी होते. १२० च्या वेगाने चालणाऱ्याला किती हात लागतील हे वर आले आहे.

तेव्हा मूळ प्रश्नाचे माझे उत्तर असे. गाडीतला दोष धडकेच्या क्षणी घडत नाही. पडद्याकडे नजर गेली त्या क्षणीही तो फारसा घडत नाही, कारण तोवर कपाळावरून घाम डोळ्यांत उतरू लागलेला असतो आणि हात आपसूक पुढे जातो. दोष त्याआधी, गाडी उभी असताना घडलेला असतो: आसन पाहिलेले नसते. मे महिन्यात सीताबर्डीला भर दुपारी तीन तास उन्हात उभी असलेली गाडी उघडली तर आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त तापलेली असते. बंद गाडी पहिल्या दहा मिनिटांतच दहाएक अंशांनी तापते. अशा वेळी चारही दारे मिनिटभर उघडी ठेवून, काचा खाली करून, पंखा जोरात लावून ती भट्टी आधी बाहेर काढायची, मग काचा लावून एसी, आणि तो गार होऊ लागल्यावर आतलीच हवा फिरवणारे बटण. जो हे न करता निघतो तो व्हेरायटी चौकाच्या सिग्नलपर्यंत एका हाताने जाळ्या फिरवत आणि एका डोळ्याने आकडे वाचत जाणार, हे निघतानाच ठरलेले असते. पावसाळ्याचेही तेच. पहिली सर आली की पुढची काच आतून धुरकट होते. काचेवर वारा सोडणारे बटण, एसी आणि बाहेरची हवा, हे तिन्ही बोटांना पाठ नसेल तर चालक आंधळा होऊन वर पुन्हा बटण शोधत असतो. कधी धुके काचेच्या बाहेरून धरते, कारण आतल्या गारव्याने काच थंड पडलेली असते आणि बाहेरची हवा दमट असते; तिथे वायपर लागतो, आतून फडक्याने पुसत बसून काही होत नाही. ही माहिती गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत असते, आणि ती पुस्तिका हातमोज्यांच्या कप्प्यात, ज्यात भारतात कोणी हातमोजे ठेवत नाही, प्लास्टिकसकट पडून असते. ती वाचणे हे आसन पाहणेच आहे. देवाच्या मूर्तीबद्दलही येथेच बोलून घेतो. डॅशबोर्डवर गणपती असो, ताजुद्दीन बाबांची तसबीर असो की ध्यानस्थ बुद्ध, एअरबॅगच्या झाकणावर किंवा तिच्या वाटेत ठेवलेली कोणतीही वस्तू बॅग फुगताना गोळ्यासारखी फेकली जाते. श्रद्धेला जागा बदलून चालते.

आता दुसरा आक्षेप, उन्हाचा. नागपुरात २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा शहरात एसीला प्रमादाचे स्थान म्हणणे म्हणजे सुखवस्तू उपदेश नव्हे काय? उलट उकाड्यानेच डोके चालेनासे होते, चिडचिड होते, डोळ्यांपुढे अंधारी येते. हा आक्षेप अर्धा खरा आहे आणि त्या अर्ध्या भागाने माझा युक्तिवाद बळकटच होतो. देहाला तापवून चित्त शुद्ध होत नाही, हा सिद्धार्थाने सहा वर्षे उपास-तापास करून काढलेला निष्कर्ष आहे. एसी बंद ठेवून घामाघूम गाडी चालवण्यात कसलेच तप नाही. पण मध्यम मार्गाला दुसरी कडही आहे. अठरा अंशांवर गारेगार, काचा बंद, पाच माणसे आत, आणि आतलीच हवा फिरवण्याचे बटण बुटीबोरीपासून तसेच चालू. अशा गाडीत श्वासातून सुटलेला कार्बन डायऑक्साइड साठत जातो, डोके जड होते आणि पापण्या मिटू लागतात. दर थोड्या वेळाने बाहेरची हवा आत घेणे हा त्यावरचा साधा इलाज. हवा अशी हवी की चालकाला तिची आठवणच होऊ नये. गारवा जाणवू लागला की लक्ष त्याच्याकडे गेले, उकाडा जाणवला की उकाड्याकडे गेले. दोन्ही वेळा ते रस्त्यावरून उठले.

एसीचा आणखी एक गुण आहे आणि त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही. काचा वर केल्या की उष्ण वारा, हॉर्न, फेरीवाल्याची हाक, सगळे बाहेर राहते. रस्ता चित्रासारखा दिसू लागतो. मेमध्ये सिग्नलला हिरव्या जाळीची सावली जिथवर पोचते तिथवर दाटीवाटीने उभे राहिलेले दुचाकीवाले, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेली पोरगी, पाठीवर जेवणाचे डबे घेऊन जाणारा मुलगा, हे काचेपलीकडचे लोक आतल्या गारव्याच्या नव्हे तर पंचेचाळीस अंशांच्या जगात असतात, आणि आतल्याला ते विसरायला होते. बुद्धाने सांगितलेला एक दृष्टान्त आहे: तेलाने काठोकाठ भरलेले पात्र घेऊन एक माणूस गर्दीतून चाललेला आहे, जवळच देशातली सर्वांत सुंदर नर्तकी नाचते आहे, आणि मागे तलवार उपसलेला माणूस चालतो आहे; थेंब सांडला की मान उडणार. त्या माणसाचे लक्ष कुठे असेल, असे विचारले आहे. चालकाला हा दृष्टान्त हुबेहूब लागू पडतो असे वाटते, पण एक मोठा फरक आहे. दृष्टान्तातली तलवार पात्र नेणाऱ्याच्याच मानेवर आहे. लोखंडी पेटीत, पट्टा बांधून, एअरबॅगांच्या मधोमध बसलेल्या माणसाच्या हातून तेल सांडले तर तलवार बहुधा दुसऱ्याच कोणाच्या मानेवर पडते. म्हणून भीती इथे पुरेशी राखण करत नाही. पाचवे शील पहिल्या शीलाला बांधलेले आहे ते याचसाठी.

दृष्टान्ताचा विषय निघाला तेव्हा जाणकार तिसरा आक्षेप घेईल. सतिपट्ठान सुत्तात साधक चालताना चालण्याची, हात पसरताना हात पसरण्याची जाणीव ठेवतो. मग एसीकडे हात नेताना तो जाणीवपूर्वक नेला की झाले. मला हे पटत नाही. स्वतःच्या हाताकडे लक्ष देणे विहारात साधना असेल, रिंग रोडवर ते संकट आहे. पण आक्षेप सती या शब्दाच्या अर्ध्या अर्थावर उभा आहे. सती म्हणजे स्मृती. आपण कशाच्या मध्यात आहोत ते न विसरणे. त्या ग्रंथात तिच्या जोडीला संप्रज्ञान येते आणि अट्ठकथा त्याचे पहिले अंग असे सांगतात की करायला निघालेली गोष्ट हिताची आहे का, हे आधी पाहावे, आणि दुसरे असे की ती या जागी, या वेळी योग्य आहे का, हे पाहावे. तेव्हा प्रश्न हात जाणीवपूर्वक पुढे गेला का, असा नसून, आत्ता तो पुढे जायचा होता का, असा होतो. समर्थांनीही दासबोधात महत्त्वाच्या गोष्टींची क्रमवारी लावताना हरिकथा आणि राजकारण यांच्या पाठोपाठ तिसरे स्थान सावधपणाला दिले, आणि ते सर्व विषयांत असावे असे बजावले. ध्यानाच्या खोलीपुरते त्यांनी ते ठेवले नाही.

चौथा आक्षेप माझ्या मते सर्वांत न्याय्य आहे. खुंटी काढून पडदा बसवला कारखान्याने. चालकाला पापी ठरवून उपयोग काय? मिलिंदप्रश्न या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन मिलिंद राजाला विचारतो की रथ म्हणजे नेमके काय, आस की चाक की जू. रथ यांपैकी एकात नाही. तसाच प्रमादही एकट्या चालकात नाही. पडदा आखणाऱ्यात आहे, त्या पडद्याला 'आधुनिक' म्हणून भुलणाऱ्या गिऱ्हाइकात आहे, मागच्या सीटवरून 'जरा एसी वाढव ना' म्हणणाऱ्यात आहे. युरोपातल्या गाड्यांची सुरक्षितता जोखणाऱ्या युरो एनकॅप संस्थेने २०२६ पासून इंडिकेटर, धोक्याचे दिवे, हॉर्न, वायपर आणि मदतीची हाक यांसाठी खरी बटणे किंवा कांड्या नसलेल्या गाडीला पूर्ण गुण न देण्याचे ठरवले, ही त्या सामायिक दोषाची पावतीच आहे. पण वाटून घेतल्याने चालकाचा वाटा शून्य होत नाही. त्याच मिलिंदप्रश्नात दुसरे एक उदाहरण आहे. एकाने थंडीत ऊब घ्यायला शेकोटी पेटवली, अंग शेकले आणि ती न विझवता निघून गेला. आग पसरून शेजाऱ्याचे शेत जळले. तो म्हणू लागला की मी पेटवली ती आग वेगळी, शेत जाळले ती वेगळी. तिथे चर्चा पुनर्जन्माची आहे, पण हा बचाव टिकणार नाही हे राजा आणि भिक्खू दोघेही गृहीत धरतात. ऊब हवी होती, यात गैर काहीच नव्हते. उठताना मागे वळून पाहिले नाही, एवढेच.

यंत्रानेच लक्ष ठेवावे, हा याच आक्षेपाचा पुढचा टप्पा. २०२१ मध्ये नागपुरात 'आयरास्ते' प्रकल्प सुरू झाला आणि महापालिकेच्या बसगाड्यांवर पुढची धडक ओळखून चालकाला सावध करणारी उपकरणे बसली. असे उपकरण चांगलेच. गाडीत कोणीतरी जागे असावे. पण न्यायशास्त्राच्या भाषेत उपकरण हे लिंग, म्हणजे खूण, आहे, डोंगरावरच्या धुरासारखे. त्यावरून अग्नीचे अनुमान माणसालाच करावे लागते, आणि कधी धूर खोटाही असतो. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंशांचा आकडा दाखवला, तो देशभर फिरला, आणि मग संवेदकात दोष असल्याचे हवामान खात्याने सांगितले. त्या दिवशी ज्याने अंगणात पाय ठेवला होता त्याला ऊन पुष्कळ आहे पण छप्पन्न नाही हे कळत होते. डॅशबोर्डवर इंजिनाच्या तापमानाचा लाल दिवा लागला तर मात्र उलट वागायचे: शंका न घेता गाडी बाजूला घ्यायची, कारण तिथे आपल्या कातडीला काहीच कळत नाही. कुठे आकड्यावर विसंबायचे आणि कुठे नाही, हा विवेक आकडा देत नाही.

राहिला प्रारब्धाचा आक्षेप: होणारे टळत नाही. समृद्धीवर १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर, नागपूरहून पुण्याला निघालेली बस सिंदखेडराजाजवळ जळाली आणि २५ माणसे गेली. त्यानंतर त्या भागात अपघात थांबावेत म्हणून महामृत्युंजय यंत्र बसवण्याचा प्रकार झाला आणि जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हाही नोंदला गेला. ज्यांना रस्त्याचे भय वाटले त्यांची थट्टा करण्याचे कारण नाही. भय खरेच होते. पण त्याच काळात नागपूरच्या विश्वेश्वरय्या संस्थेतल्या अभ्यासकांनी याच महामार्गावरच्या ज्या संमोहनाकडे बोट दाखवले, त्यात गूढ काही नव्हते. सरळ, रिकामा, एकसुरी रस्ता. वळण नाही, झाड नाही, टपरी नाही. डोळे उघडे आणि मन निजलेले. रस्ता स्वतःच प्रमादाचे स्थान होऊ शकतो, आणि ते स्थान आखणाऱ्याने तिथे थांबे, झाडी, खडबडीत पट्टे ठेवायचे की नाही हे ठरवायचे असते. प्रारब्ध मानायचेच तर तेही मानावे. पण ज्या क्षणाला आपण प्रारब्ध म्हणतो त्याच्या आधी किती साधे, हातातले निर्णय होऊन गेलेले असतात हे मोजल्याशिवाय त्याला हिशेबात घेऊ नये.

अशाने सगळेच प्रमादाचे स्थान ठरेल, असे कोणी म्हणेल: गाणे, पोरांची भांडणे, घरचे दुःख. नाही. दुःख घरी ठेवून येता येत नाही, आणि मन भटकणे हा मनाचा स्वभाव आहे. त्यासाठी कोणाला दोषी धरणे क्रूरपणा होईल. जे गाडी उभी असताना करता आले असते, किंवा शेजारी बसलेल्याकडे सोपवता आले असते, तेवढ्यापुरतीच जबाबदारी पोचते, त्यापलीकडे नाही. शेजारच्या सीटवरच्या माणसाचे काम मग फक्त डबा उघडून चिवडा देण्याचे राहत नाही. एसी, नकाशा, फोन, मागच्या पोराच्या तोंडावर येणारा गार झोत, हे त्याच्या ताब्यात जाते, आणि 'तू रस्ता बघ, मी लावतो' म्हणणारा तो त्या प्रवासाचे पाचवे शील पाळत असतो.

दसऱ्याची पूजा आटोपली की लिंबू चाकाखाली असते आणि गाडी सुरू होऊन जागेवर उभी असते, कारण कोणीतरी अजून चपला शोधत असते, कोणाला मागे बसायचे नसते, आजींसाठी पुढची सीट सरकवायची असते. त्या तीन-चार मिनिटांत आरसे पाहून होतात, काच आतून पुसून होते, हवा कुठून यावी ते ठरते.